वेगवान शर्यती आणि ऑटोफोकसची निवड

ताशी २०० किलोमीटर वेगाने धावणारी शर्यतीची मोटार एका सेकंदात ५५ मीटरहून अधिक अंतर कापते. बटण दाबल्यापासून आरसा वर जाऊन शटर उघडेपर्यंत डीएसएलआर कॅमेऱ्याला साधारण एक-विसांश सेकंद लागतो असे धरले, तर तेवढ्या अवधीत ही मोटार पावणेतीन मीटर पुढे आलेली असते. आता लेन्सची बाजू पाहावी. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, ४०० मिलिमीटरची लेन्स एफ/२.८ या अ‍ॅपर्चरवर ठेवून ३० मीटरवरील वस्तूवर फोकस केला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा, म्हणजेच डेप्थ ऑफ फील्ड, जेमतेम एक मीटरचा असतो. बटण दाबताना मोटारीच्या नाकावर अगदी अचूक असलेला फोकस छायाचित्र उमटेपर्यंत चालकाच्याही मागे गेलेला असतो. नाक धूसर, शिरस्त्राण धूसर आणि मागचा पंख मात्र लखलखीत, अशी छायाचित्रे नवशिक्यांच्या संग्रहात ढिगाने सापडतात, ती याच हिशेबामुळे.

मोटार आत्ता कुठे आहे हे मोजून भागत नाही, तर शटर उघडेल तेव्हा ती कुठे असेल याचा अंदाज कॅमेऱ्याला बांधावा लागतो. हा अंदाज तो आधीच्या मोजमापांवरून बांधतो. त्याला कोणती मोजमापे घेऊ द्यायची आणि कोणत्यांकडे काणाडोळा करायला सांगायचे, हे मात्र छायाचित्रकारालाच ठरवावे लागते. ऑटोफोकसची पद्धत निवडणे याचा अर्थ एवढाच. कंपनीगणिक नावे बदलतात आणि मेन्यूची पाने वाढत जातात, पण त्या सगळ्यांमागचे प्रश्न जुनेच आहेत : किती वेळा मोजायचे, चौकटीत कुठे मोजायचे आणि मध्येच काही आडवे आले तर काय करायचे.

सलग फोकसला पर्याय नाही

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. एकदाच फोकस करून तो धरून ठेवणारी पद्धत कॅननमध्ये वन शॉट, तर निकॉन व सोनीमध्ये एएफ-एस या नावाने ओळखली जाते. शर्यतीआधी ग्रिडवर उभ्या असलेल्या मोटारी, पिटमध्ये हातमोजे चढवणारा चालक, पारितोषिकाचा मंच यांसाठी ती उत्तम. ट्रॅकवर धावत्या वाहनासाठी सलग फोकस करणारी पद्धतच हवी. कॅननच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत तिला एआय सर्व्हो म्हणतात, निकॉन व सोनीमध्ये एएफ-सी.

या दोन्हींच्या मधली, ‘कॅमेराच काय ते ठरवील’ अशा थाटाची तिसरी पद्धतही बहुतेक कॅमेऱ्यांत असते. एआय फोकस किंवा एएफ-ए या नावांनी ती भेटते. वस्तू स्थिर आहे की हलते आहे, हे कॅमेरा अंतरातील फरकावरून ओळखतो. डोळ्यांसमोरून आडवी जाणारी मोटार ताशी १५० किलोमीटर वेगात असली, तरी काही क्षण तिचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर फारसे बदलत नाही. कॅमेरा तिला स्थिर समजून फोकस कुलूपबंद करतो आणि पुढच्याच क्षणी मोटार वळणाकडे वळली की सारा डाव फसतो. शर्यतीपुरता तरी हा मधला मार्ग टाळावा.

सलग पद्धत निवडली म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. भाकीत करण्यासाठी कॅमेऱ्याला आधीची काही मोजमापे हवीत. मोटार मनाजोगत्या जागी आल्यावरच बटण खाडकन पूर्ण दाबणाऱ्याला पहिली दोन-तीन छायाचित्रे धूसरच मिळणार. मोटार दूर असतानाच तिच्यावर बिंदू ठेवून, किमान सेकंदभर तिचा पाठलाग करून मग शटर सोडावे. यासाठी अनेक क्रीडा छायाचित्रकार फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या एएफ-ऑन बटणाकडे सोपवतात. अंगठा दाबलेला असेतो फोकस चालू. मध्ये मार्शलची चौकी आली की अंगठा उचलायचा, चौकी सरली की पुन्हा दाबायचा. शटरचे बोट त्यात गुंतत नाही. सवय व्हायला थोडे दिवस लागतात, पण एकदा ती झाली की जुन्या पद्धतीकडे परतावेसे वाटत नाही.

याला जोडूनच प्राधान्याचा प्रश्न येतो. फोकस पक्का झाल्याशिवाय शटर सुटू नये, की बोट दाबताच सुटावे? पहिल्या छायाचित्रासाठी फोकसकडे झुकते माप आणि पुढच्या मालिकेसाठी वेगाकडे, ही वाटणी ज्या कॅमेऱ्यांत करता येते तिथे ती करून ठेवावी. पहिले छायाचित्र नीट बसले की पुढच्यांना आधार मिळतो.

बिंदू एक की अनेक?

ऑटोफोकसचा एकच बिंदू निवडला तर कॅमेरा सांगितल्या जागीच पाहतो. हे सर्वांत अचूक, पण त्यासाठी हात तितकाच पक्का हवा. ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून सव्वाशेच्या वेगातली मोटरसायकल पाहताना तो बिंदू रायडरच्या शिरस्त्राणावर टिकवणे सरावाशिवाय अशक्य आहे. तो घसरून मागच्या टायरच्या भिंतीवर किंवा गवतावर गेला, तर कॅमेरा इमानेइतबारे गवतावर फोकस करतो.

याउलट, सगळे बिंदू खुले ठेवले तर कॅमेरा बहुधा सर्वांत जवळची वस्तू उचलतो. समोरून येणाऱ्या मोटारीचे नाकच सर्वांत जवळ असते, म्हणून मोकळ्या जागी हे चालूनही जाते. परंतु जाळीमागे उभे असताना सर्वांत जवळची वस्तू जाळीच असते. प्रेक्षागारातून छायाचित्रे काढणाऱ्यांच्या निराशेचे मोठे कारण हेच. जाळीतून टिपायचे असेल तर लेन्स जाळीला शक्य तितकी भिडवावी, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवावे, एकच बिंदू किंवा छोटा गट निवडावा आणि लेन्सवर फोकस लिमिटरचा खटका असल्यास तो दूरच्या टप्प्यावर सरकवावा. मग फोकस चुकला तरी लेन्स अगदी जवळच्या अंतरापर्यंत धुंडाळत बसत नाही. जाळीच्या तारा इतक्या धूसर होतात की चित्रात जाणवतही नाहीत.

बहुसंख्य प्रसंगी मधला पर्याय सोयीचा ठरतो : मुख्य बिंदू आणि त्याच्या भोवतीचे चार किंवा आठ सोबती. मुख्य बिंदू घसरला तर शेजारचा मोटार धरून ठेवतो. जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत कडेचे बिंदू बरेचदा एकाच दिशेच्या रेषा ओळखतात. आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे क्रॉस पद्धतीचे बिंदू मध्यभागी असतात. असा कॅमेरा हाती असेल तर मधल्या बिंदूवर विसंबून थोडी सैल चौकट घ्यावी आणि नंतर संगणकावर कातरावी. रचनेचा हव्यास धरून कडेचा बिंदू वापरला तर अनेकदा रचना उरते, मोटार हरवते.

रंगावरून वस्तूचा माग काढणारी निकॉनची थ्रीडी ट्रॅकिंग पद्धत डीएसएलआरच्या काळात लोकप्रिय झाली. करड्या डांबरावरच्या एकट्या लाल मोटारीला ती चिकटून राहते. पण एकाच बनावटीच्या, जवळजवळ सारख्या रंगांच्या मोटारींची शर्यत असेल, तर ती एकीवरून दुसरीवर उडी मारते.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचे स्वरूपच पालटले आहे. २०१७ मध्ये आलेल्या सोनी ए९ ने सेन्सरवरच्या ६९३ बिंदूंमधून सेकंदाला ६० वेळा मोजमाप घेण्याची क्षमता दाखवली. आरसाच नसल्याने प्रत्येक छायाचित्राच्या वेळी कॅमेरा आंधळा होण्याचा प्रकार संपला. २०२१ मध्ये कॅनन ईओएस आर३ आणि निकॉन झेड ९ या कॅमेऱ्यांनी मोटारी व मोटरसायकली ओळखण्याची सोय आणली. आर३ तर वाहनाच्या आत शिरस्त्राण शोधून त्यावर फोकस नेऊ शकतो. एकट्या धावणाऱ्या वाहनासाठी ही सोय खरोखरच क्रांतिकारक आहे. तथापि शर्यतीच्या प्रारंभी वीस मोटारी एकाच वळणावर आदळतात, तेव्हा त्यांतली कोणती हवी हे यंत्राला कोण सांगणार? त्यासाठी सुरुवातीचा बिंदू छायाचित्रकारानेच त्या मोटारीवर ठेवावा लागतो आणि तिथून पुढे यंत्राने माग काढायचा. पावसात उडणाऱ्या तुषारांमागे वाहनाचा आकारच विरघळतो, तेव्हा ही ओळखही डळमळते. कॅमेरा नवा असला तरी छोटा गट निवडण्याची सवय सोडू नये, ती यासाठीच.

आडवे येणारे खांब आणि ब्रेकची जागा

तिसरा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित राहतो, कारण तो मेन्यूच्या आतल्या पानांवर असतो. पाठलाग चालू असताना मध्ये खांब, मार्शल किंवा दुसरी मोटार आली तर कॅमेऱ्याने जुन्या वस्तूला किती वेळ धरून राहावे? निकॉनमध्ये ‘लॉक-ऑन’ या नावाने याचे अंश ठरवता येतात. कॅननने २०१२ च्या सुमारास, ईओएस-१डी एक्स आणि ५डी मार्क ३ या कॅमेऱ्यांपासून, प्रसंगांना ‘केस’ असे नाव देऊन सहा तयार जुळण्या दिल्या. त्यांतली दुसरी अडथळ्यांकडे दुर्लक्ष करते, तिसरी बिंदूखाली आलेल्या नव्या वस्तूवर झटकन जाते आणि चौथी एकाएकी वेग वाढवणाऱ्या वा घटवणाऱ्या वस्तूंसाठी आहे.

सर्किटवरच्या शर्यतीत सामान्यतः कॅमेरा चिवट असावा, म्हणजेच दुसऱ्या जुळणीकडे झुकलेला. ट्रॅकच्या कडेला जाहिरातींचे फलक, कुंपणाचे खांब आणि झेंडे घेतलेले मार्शल यांची कमतरता नसते. अर्ध्या सेकंदासाठी मोटार खांबाआड गेली म्हणून फोकस खांबावर स्थिरावला, तर खांब सरल्यावर पुन्हा मोटार शोधेपर्यंत ती वळण पार करून गेलेली असते. मात्र प्रारंभाच्या गर्दीत, पुढे मुसंडी मारणाऱ्या मोटारीकडे लगेच वळायचे असेल, तेव्हा हाच चिवटपणा नडतो. म्हणून दोन जुळण्या दोन वेगळ्या बटणांवर बसवून ठेवणारे छायाचित्रकार शहाणे म्हणावेत.

वेगातील बदलाचा मुद्दा याहून सूक्ष्म आहे. मोटार एकसारख्या वेगाने येत असली तरी लेन्सच्या दृष्टीने तिचा वेग एकसारखा नसतो. लेन्समधील काचांना जे अंतर सरकावे लागते, ते मोटार जवळ येईल तसे झपाट्याने वाढते : १०० मीटरवरच्या मोटारीसाठी त्यांना ज्या गतीने हलावे लागते, त्याच्या साधारण १६ पट गतीने ती २५ मीटरवर असताना हलावे लागते. दूरवर मोटार नीट धरलेला कॅमेरा ती जवळ आल्यावर का सोडतो, याचे उत्तर या गणितात आहे. जुन्या किंवा स्वस्त लेन्सची मोटर इथेच थकते. अशा लेन्सवर शेवटच्या २५-३० मीटरांचा मोह सोडून थोड्या दूरवरचेच छायाचित्र घ्यावे.

त्यात भर पडते ब्रेकची. लांब सरळ पट्टीच्या टोकाशी फॉर्म्युला वन मोटार ताशी ३०० किलोमीटरवरून अवघ्या काही सेकंदांत शंभरच्या आसपास येते. एकसमान वेग गृहीत धरणारा अंदाज तिथे मोटारीच्या पुढे निघून जातो आणि फोकस नाकासमोरच्या रिकाम्या डांबरावर पडतो. अशा जागी वेगबदल ओळखणारी जुळणी वाढवून ठेवावी. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची भारतीय ग्रां प्री ग्रेटर नोइडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तिथेच मोटोजीपीची फेरी झाली. तेथील किलोमीटरभर लांबीच्या सरळ पट्टीचा शेवट असाच जोरकस ब्रेकचा आहे. टीव्हीवर ओलांडाओलांडी सर्वाधिक दिसते ती अशाच ठिकाणी, म्हणून छायाचित्रकारांची गर्दीही तिथेच. ऑटोफोकसच्या दृष्टीने मात्र वळणातून बाहेर पडण्याची जागा अधिक दयाळू असते. वेग कमी, वाढ सावकाश आणि रायडर अजून झुकलेला.

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर जाणाऱ्यांनी आणखी एका शत्रूची दखल घ्यावी. दुपारच्या उन्हात डांबरावरून उठणाऱ्या गरम हवेच्या लाटा दूरच्या मोटारीच्या कडा थरथरवतात. या थरथरीत ऑटोफोकसला नेमकी कड सापडत नाही आणि सापडली तरी चित्र मऊच येते. कोणतीही पद्धत यावर उपाय नाही. सकाळची सत्रे गाठावीत आणि लांब लेन्सऐवजी जवळची जागा शोधावी.

धूळ, उडी आणि आडवा वेग

रॅलीचा रंग निराळा. मोटारी ठरावीक अंतराने एकेक सोडल्या जातात, त्यामुळे प्रत्येक मोटारीमागे संधी एकच. महाराष्ट्रात नाशिक परिसराने राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या पाहिल्या आहेत. तिथल्या मातीच्या रस्त्यांवर मोटार समोरून येते तेव्हा धूळ तिच्या मागे असते. ऑटोफोकसला त्या पडद्यासमोर मोटारीच्या कडा छान दिसतात. वारा नसेल तर ती धूळ लवकर बसत नाही आणि पुढची मोटार त्या धुरकट पडद्यातून येते, तेव्हा फोकस भरकटतो. इथे सलग पद्धतीत एकच मध्य बिंदू व चिवट जुळणी हा उपाय. तेही जमेना तर वळणावरच्या एखाद्या दगडावर आधीच फोकस करून अंगठा उचलून थांबावे.

रॅलीत लेन्सची एक फसवणूक जिवावर बेतू शकते. वाइड लेन्समधून पाहणाऱ्याला मोटार प्रत्यक्षाहून दूर भासते, तर लांब लेन्सला डोळा लावलेल्याला आजूबाजूचे काहीच दिसत नाही. १९८६ च्या पोर्तुगाल रॅलीत मोटार गर्दीत घुसून तिघे प्रेक्षक मृत्युमुखी पडले, त्यानंतर प्रेक्षकांच्या जागांविषयीचे नियम कडक झाले. फोकस बसेना म्हणून दोन पावले पुढे सरकणे, वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहणे, हे कोणत्याही छायाचित्रासाठी करू नये. मार्शलने जागा बदलायला सांगितले तर कॅमेरा डोळ्याला लावूनच वाद घालणारे महाभाग असतात. त्यांच्यामुळे कधी कधी संपूर्ण टप्पाच रद्द होतो.

सुपरक्रॉसमध्ये मोटरसायकल मातीच्या उंचवट्याआडून अचानक आकाशात प्रकटते. पाठलागाला सेकंदभरही मिळत नाही. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा अनेक हौशी छायाचित्रकारांनी हा प्रकार पहिल्यांदाच जवळून पाहिला असेल. इथे सर्किटवरचा चिवटपणा कामाचा नाही. नव्या वस्तूवर झटकन जाणारी तिसरी जुळणी आणि बिंदूंचा जरा मोठा गट हवा. आकाशाच्या पार्श्वभूमीवर दुसरे काहीच नसल्याने मोठा गट धोक्याचा नसतो. उंचवट्याच्या माथ्यावर आधी फोकस करून ठेवला की लेन्सला फार लांबचा प्रवास करावा लागत नाही. उडीच्या शिखरावर मोटरसायकल क्षणभर वर जातही नसते आणि खाली येतही नसते. शटर सोडण्याची वेळ ती.

मोटार आडवी जात असताना कॅमेरा तिच्याबरोबर फिरवून, शटर एक-शंभरांशाच्या आसपास किंवा त्याहून मंद ठेवून पार्श्वभूमी रेघांत विरघळवण्याला पॅनिंग म्हणतात. वेग दाखवण्याचा हा सर्वांत देखणा मार्ग, आणि गंमत अशी की ऑटोफोकसवर त्याचा भार सर्वांत कमी. अंतर फारसे बदलत नाही, मंद शटरमुळे भर उन्हात अ‍ॅपर्चर एफ/११ च्या पलीकडे जाते आणि स्पष्टतेचा पट्टा मोटारीहून रुंद होतो. पॅनिंगची छायाचित्रे बिघडतात ती हातामुळे. दोष मात्र फोकसला दिला जातो. लेन्सवरचे स्थिरीकरण पॅनिंगच्या पद्धतीवर ठेवावे, बिंदू चालकाच्या शिरस्त्राणावर किंवा दारावरच्या क्रमांकावर धरावा आणि शटर सुटल्यानंतरही कॅमेरा फिरवत राहावा.

आरसाविरहित कॅमेऱ्यांच्या मूक इलेक्ट्रॉनिक शटरने पॅनिंग करणाऱ्यांना उभे खांब तिरपे दिसले तर बुचकळ्यात पडू नये. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्याचा हा परिणाम. फ्रान्सच्या झाक आंरी लार्तीग याने १९१० च्या दशकात टिपलेल्या शर्यतीच्या प्रसिद्ध छायाचित्रातही मोटारीचे चाक पुढे झुकलेले आणि प्रेक्षक मागे कललेले दिसतात. त्या काळच्या संथ पडदा-शटरची ती करामत. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९ मार्क ३ चा सेन्सर सगळा एकदम वाचला जातो, त्यामुळे त्यात हा दोष उरलेला नाही.

ऑटोफोकस बंद करावा तेव्हा

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस चेन्नईच्या आयलंड ग्राउंड्स परिसरातील रस्त्यांवर प्रकाशझोतात फॉर्म्युला फोरची रात्रीची शर्यत झाली. अशा ठिकाणी प्रकाश एकसारखा नसतो. दोन दिव्यांच्या मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात मोटार शिरली की कडा पुसट होतात आणि फोकस चाचपडतो. एफ/२.८ ची लेन्स इथे दुहेरी उपयोगी, कारण फोकस करताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे असते आणि सेन्सरला भरपूर प्रकाश मिळतो. त्याच लेन्सला टेलिकन्व्हर्टर जोडला की हा लाभ निम्म्याहून कमी होतो. रात्री तो पिशवीतच ठेवावा. प्रकाशाच्या पट्ट्यात येणारी जागा हेरून तिथेच टिपावे, अंधारात पाठलाग करू नये.

हेही साधेना, तेव्हा जर्मनीचे रायनर श्लेगेलमिल्श आणि त्यांच्या पिढीचे छायाचित्रकार १९६० च्या दशकात ज्या रीतीने काम करत, तिच्याकडे वळावे. शरीरातच ऑटोफोकसची मोटर असलेला मिनोल्टा ७००० बाजारात आला १९८५ मध्ये; त्याआधीची शर्यतींची जवळजवळ सारी छायाचित्रे हातानेच फोकस केलेली आहेत. ट्रॅकच्या कडेची लाल-पांढरी पट्टी, डांबरावरचा सांधा किंवा टायरची काळी खूण निवडायची. मोटारी दर फेरीत तिथूनच जातात का, हे दोन-तीन फेऱ्या नुसते पाहून घ्यायचे. मग त्या खुणेवर फोकस करून लेन्सचा खटका मॅन्युअलवर न्यायचा, अ‍ॅपर्चर एक-दोन घरे बंद करायचे आणि मोटार खुणेवर पोहोचण्याच्या किंचित आधी शटर सोडायचे. लेन्सचे कडे धक्क्याने फिरू नये म्हणून त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावावा आणि दर चार-पाच फेऱ्यांनी एखादे छायाचित्र पडद्यावर पूर्ण मोठे करून, मोटारीवरच्या क्रमांकाच्या कडा तपासून पाहाव्यात.